एक टाका कच्चा

पहिला पार्सलनं आला. काळा, देखणा,
पोटावर एकच मोठा खिसा.
दुपारी जेवायला बसले तर मांडीवर
अर्धा किलो सागाचा भुसा
आणि त्यात कुठंतरी पेन्सिल.

दुसरा चामड्याचा, लोहाराला शोभेल असा.
बुधगावात, पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिलात
तो घालून बाभळीला रंधा मारून बघावा
ज्यानं शिवला त्यानं.

तिसऱ्याची पट्टी मानेत.
मीटर टेप, गुण्या, पटाशी, सगळं मानेलाच टांगलं.
संध्याकाळी जू उतरलं तरी
मान खालीच.

मग मिरज रोडला मकबूल मुजावरांकडं गेले.
ट्रकच्या सीटा शिवतात ते,
त्यांच्या मशीनची सुई दाभणाएवढी.
"ताडपत्री नको चाचा, घाम येतो.
तंबूचं कापड दाखवा, सुती, जाड."
निघालं एक. एका कोपऱ्याला पिवळा डाग,
हळदीच्या पोत्यांशेजारी पडून होतं म्हणाले.
वीस रुपये कमी केले.

माप घ्यायला टेप उचलली, माझ्याकडं बघितलं,
आणि टेप माझ्याच हातात दिली.
"तुमचं तुम्ही घ्या. मला सीटांचं येतं."
गुडघ्याच्या वर चार बोटं, वाकताना पायात यायला नको.
पट्ट्या खांद्यांवरून, पाठीवर फुली.
"खिसे?"
छातीवर पेन्सिलीचा, अरुंद.
उजवीकडं टेपचा.
डावीकडं एक, झाकण असलेला.
"ह्यात काय ठेवणार?"
"चुका."
हसले. "एवढासाच? पुरंल?"

बाबांना कधी खिसा लागला नाही.
पेन्सिल कानावर, चुका तोंडात.
लहानपणी मला वाटायचं रागावलेत,
म्हणून दिवसभर बोलत नाहीत.
ओठांत आठ-दहा चुका धरून
माणूस बोलणार काय.

"बंद नायलॉनचे लावतो.
तुम्ही तुटाल, ते तुटणार नाहीत."
तिथं मी थांबले.

त्या दिवशी बाबांच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट होता,
दसऱ्याला घेतलेला, डबल शिलाईचा.
बाही कटरमध्ये गेली.
शर्ट फाटला नाही.
दुकानदार म्हणालाच होता, दहा वर्षं बघायला नको.
दोन बोटं गेली,
शर्ट आईनं धुऊन बरेच दिवस ठेवला होता.

"चाचा, सगळं पक्कं घाला.
फक्त इथं, बंदाच्या मुळाशी,
एक टाका कच्चा ठेवा.
ओढला की सुटला पाहिजे."
त्यांनी चष्मा काढून पुसला.
"चाळीस वर्षं न सुटणारी शिवण घालतोय, पोरी.
कच्चा टाका कसा घालायचा
ते आठवावं लागंल."
तीनदा घातला, तीनदा मी हिसडा मारला,
मशीनच हललं जागचं.
चौथ्यांदा सुटला.
दोघंही त्या लोंबत्या दोऱ्याकडं बघत राहिलो,
जसं काही जमलं.

शेडमध्ये ओढणी खुंटीला अडकवली, एप्रन घातला.
बाबा स्टुलावर होते. म्हणाले, "फिर जरा."
फिरले.
"फुली कशाला मारलीस?
फुली टाकायच्या लाकडावर मारत्यात."
"मागनं हाय ती. पुढची बाजू ठेवायची."
हूं म्हणाले. पसंत पडलं की नाही
ते त्यांच्या हूं-वरून आईलाही कळायचं नाही.

दुपारी चौकटीला फळी ठोकत होते,
दोन्ही हात गुंतलेले.
बाबा उठून आले, न विचारता
डाव्या खिशाचं झाकण उघडलं,
तीन बोटांनी आत चाचपडले,
आणि एक चूक काढून
टोक स्वतःकडं ठेवून
माझ्यापुढं धरली.